महर्षी अण्णासाहेब कर्वे : लेकींच्या शिक्षणाचा जमाखर्च

डहाणू रोडहून निघालेली गाडी चर्चगेटला पोहोचली की स्थानकापासून थोड्याच अंतरावर नाथीबाई ठाकरसी मार्ग लागतो. त्या मार्गावर महिला विद्यापीठाची वास्तू उभी आहे. झाई, बोर्डी, घोलवड, डहाणू या किनारपट्टीतून कामानिमित्त मुंबईस जाणाऱ्या अनेकांच्या नजरेखालून तिची पाटी गेली असेल. एस.एन.डी.टी. या अक्षरांनी सर्वत्र ओळखली जाणारी ही संस्था एका गिरणीमालकाच्या मातोश्रींचे नाव धारण करते. परंतु ज्या पुरुषाने हे विद्यापीठ प्रथम मनात उभारले व नंतर दारोदार झोळी फिरवून प्रत्यक्षात आणले, तो धनिक नव्हता. तो कोकणातील एका गरीब घरातला गणिताचा शिक्षक होता. धोंडो केशव कर्वे हे त्याचे नाव.

मुलीला महाविद्यालयात पाठवावे की नाही, हा प्रश्न व्याख्यानांत तत्त्वाचा असतो, घरात मात्र तो हिशेबाचा असतो. फी किती, जाण्यायेण्याचा खर्च किती, सोबत कोण, शिकवणार कोणत्या भाषेत, शिकून झाल्यावर पुढे काय, आणि या साऱ्यात लग्नाचे वय निघून गेले तर चार माणसे काय म्हणतील, असे प्रश्न ओटीवर आणि माजघरात विचारले जातात. स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते महाराष्ट्रात कर्व्यांच्या आधीही होऊन गेले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा कर्व्यांचा जन्मही झाला नव्हता. कर्व्यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी घरातला हा हिशेब तुच्छ मानला नाही. तो समजावून घेतला आणि त्यातील एकेक रक्कम पालकांच्या बाजूने कमी कशी होईल, यासाठी आयुष्याची साठ-सत्तर वर्षे वेचली.

१८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या आजोळच्या गावी त्यांचा जन्म झाला. घराणे दापोलीजवळच्या मुरूडचे. पूर्वजांच्या सुबत्तेच्या गोष्टी घरात शिल्लक होत्या, सुबत्ता मात्र उरली नव्हती. वडील केशवपंत अल्प वेतनावर नोकरी करीत. आई लक्ष्मीबाई फार मानी. बडोद्याच्या गायकवाड सरकारची दक्षिणा घेण्यासाठी गावातील मुले निघाली, तेव्हा आपल्या मुलांनी त्यासाठी हात पसरू नये असे तिने ठरविले. पुढे याच घरातील मुलाने उभ्या हिंदुस्थानात आणि परदेशांतही हात पसरला, पण तो परक्यांच्या लेकींसाठी. आईच्या स्वाभिमानाचा वारसा त्याने सोडला असे म्हणता येत नाही. त्याने तो वेगळ्या खाती वळविला, असे फार तर म्हणावे.

शिक्षणासाठी करावी लागणारी पायपीट कर्व्यांना पुस्तकातून कळली नव्हती. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यास जायचे होते. अंतर शंभर मैलांहून अधिक, दिवस पावसाचे, वाटेत कुंभार्ली घाट. काही सोबत्यांसह हा मुलगा पायी चालत साताऱ्यास पोहोचला. परीक्षेस सतरा वर्षांची अट होती. देहयष्टी लहानखुरी असल्याने परीक्षकास त्याचे वय पटले नाही आणि त्याला परत पाठविण्यात आले. दुसऱ्या खेपेस कोल्हापुरास जाऊन त्याने ती परीक्षा दिली व उत्तीर्ण झाला. दारापर्यंत पोहोचूनही केवळ दिसण्यावरून परत फिरावे लागणे म्हणजे काय, याचा अनुभव त्यांनी वयात येण्यापूर्वीच घेतला होता. पुढे त्यांच्या संस्थेत आलेल्या कित्येक स्त्रियांच्या वाट्याला हाच अनुभव जन्मभर आलेला होता.

मुंबईस येऊन त्यांनी १८८१ मध्ये मॅट्रिक व १८८४ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित विषय घेऊन बी.ए. केले. शिक्षणाचा खर्च शिकवण्यांवर चाले. पदवीनंतरही पहाटेपासून रात्रीपर्यंत या शाळेतून त्या शाळेत व शिकवणीहून शिकवणीस असा त्यांचा दिनक्रम राहिला. यात त्यांनी मुलींच्या शाळांतही गणित शिकविले. याच काळात मुरूडच्या नोकरदार मंडळींनी आपल्या प्राप्तीतला लहानसा हिस्सा गावच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवावा, अशी योजना त्यांनी काढली. थेंबे थेंबे जमविलेल्या पैशावर त्यांचा विश्वास कायम राहिला. मोठी देणगी मिळाल्यावरही तो ढळला नाही.

त्यांचा पहिला विवाह त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणीच झाला होता. पत्नी राधाबाई यांना त्यांनी मुंबईच्या बिऱ्हाडी लिहावाचावयास शिकविले. १८९१ मध्ये राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी एल्फिन्स्टनमधील सहाध्यायी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. पदरी लहान मुलगा होता. दुसऱ्या विवाहासाठी कुमारिका सहज मिळाली असती, कारण विधुरास वयाची अट नव्हती आणि मुलीच्या संमतीचा प्रश्न कोणी विचारीत नव्हते. कर्व्यांनी विधवेशीच विवाह करण्याचे ठरविले. मित्र नरहरपंत जोशी यांची भगिनी गोदूबाई बालपणीच विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तेथे दाखल झालेली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला व गोदूबाई आनंदीबाई झाल्या. आप्तेष्ट त्यांना बाया म्हणत.

मुरूडने या विवाहाची किंमत वसूल केली. गावाने कर्व्यांवर बहिष्कार घातला. गावी गेल्यावर त्यांना घरात न राहता वेगळे उतरावे लागे आणि घरच्यांनी त्यांच्याशी व्यवहार ठेवला तर तेही जातीबाहेर, असा धाक होता. ज्या आईने दारिद्र्यातही मान राखला, तिला मुलाशी मोकळेपणे बोलणे अवघड झाले. सुधारणेचा खरा बोजा सुधारकावर पडतो त्याहून अधिक त्याच्या घरच्यांवर पडतो, हे कर्व्यांनी येथे पाहिले. पुढे एखाद्या मुलीचा बाप शेवटच्या क्षणी कच खाई, तेव्हा कर्वे त्याच्यावर रागावत नसत, याचे मूळ बहुधा या प्रसंगात असावे.

विधवाविवाहास उत्तेजन देणारी मंडळी त्यांनी १८९३ च्या अखेरीस स्थापन केली. पण काही काळातच त्यांच्या ध्यानी आले की, विवाह करून सुटणाऱ्या विधवा मोजक्याच. उरलेल्या हजारोंचे काय? त्या काळच्या उच्चवर्णीय घरात विधवा केशवपन करून, आलवण नेसून मागील दारी वावरे. तिला अशुभ मानीत, पण तिच्यावाचून घर चालत नसे. स्वयंपाक, दळण, बाळंतपणे, आजारपणे यांचा भार तिच्यावर असे आणि त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नसे. तिला शिकावयास पाठविणे म्हणजे बिनपगारी हातांची जोडी गमावणे होते. धर्माची व रूढीची भाषा पुष्कळदा या साध्या हिशेबावर पांघरूण घाली. हे कटू आहे, पण व्यवहार जाणणाऱ्या कोणासही ते नाकारता येणार नाही.

१४ जून १८९६ रोजी पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली. विधवांना शिकवून स्वतःच्या पायावर उभे करणे, हे उद्दिष्ट. येथे कर्व्यांनी एक निर्णय घेतला, ज्याबद्दल त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. आश्रम आणि विधवाविवाह यांची त्यांनी कटाक्षाने फारकत केली व विवाहाच्या चळवळीतील आपले काम कमी केले. स्वतः विधवाविवाह केलेल्या माणसाने असे करावे, याचे सुधारकांस नवल वाटले, तर सनातन्यांचा त्यांच्यावर विश्वासच नव्हता. परंतु कर्व्यांचे गणित सरळ होते. मुलगी आश्रमात पाठविली म्हणजे तिचे परस्पर लग्न लागेल, अशी शंका असेपर्यंत कोणताही बाप वा दीर तिला पाठविणार नाही. शारदा सदनात धर्मांतराचा वाद उठल्यावर तेथील मुलींना पालकांनी भराभर काढून नेले होते, हे त्यांच्या डोळ्यांसमोर ताजे होते. विश्वास हेच संस्थेचे पहिले भांडवल, आणि ते बुडाले तर इमारती व पुस्तके निरुपयोगी.

या विश्वासाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. आश्रम दीर्घकाळ उच्चवर्णीय विधवांपुरताच राहिला. ज्यांच्या पैशावर तो चालणार आणि ज्यांच्या मुली तेथे येणार, त्यांना दुखविण्याचे धाडस कर्व्यांनी तेव्हा केले नाही. त्यांच्या उदार चरित्रातील हे उणे अंग आहे. उतारवयात, १९४४ मध्ये, त्यांनी समता संघ काढून जातिभेदाविरुद्ध काम सुरू केले, तेव्हा ते श्याऐंशी वर्षांचे होते.

प्लेगच्या काळात शहरात आश्रम ठेवणे कठीण झाले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याबाहेर हिंगणे येथील सहा एकर जागा व ७५० रुपये दिले. तेथे पाचशे रुपयांच्या आसपास खर्चून एक झोपडी बांधण्यात आली आणि १९०० मध्ये आश्रम त्या माळरानावर गेला. रस्ता असा नव्हताच. पावसाळ्यात चिखल, अंधारात सापविंचू. फर्ग्युसनमधील तास आटोपून कर्वे रोज संध्याकाळी पायी हिंगण्यास जात, बहुधा पाठीवर वाणसामान घेऊन. मुलींना शिकवून, मुक्काम करून सकाळी पुन्हा महाविद्यालयात हजर. आपली विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाच्या नावे करून टाकली. घरी बाया आणि मुले होती. संसाराच्या ओढगस्तीबद्दल बायांनी पुढे आपल्या आत्मकथनात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. थोर पुरुषाच्या घरातील जमेची बाजू जगाला दिसते, खर्चाची बाजू गृहिणीला ठाऊक असते.

बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी एका मुलासह विधवा झाल्या होत्या. केशवपन झालेली ही स्त्री आश्रमात शिकली, शिक्षिका झाली आणि संस्थेची सर्वांत खंबीर कार्यकर्ती ठरली. वर्गणी गोळा करण्यासाठी ती गावोगाव हिंडली. इंग्रजीचे ज्ञान तुटपुंजे असताना १९१८ मध्ये ती अमेरिकेस गेली, तेथे घरकाम करून राहिली, भाषा शिकली व संस्थेसाठी निधी घेऊन परतली. पार्वतीबाईंसारखी एक स्त्री एखाद्या गावात येऊन उभी राहिली की, तेथील पालकांना शंभर व्याख्यानांनी पटले नसते ते पटे. आश्रमात शिकलेल्या स्त्रिया शिक्षिका, परिचारिका, सुईणी म्हणून पगार मिळवू लागल्या. जिला ओझे समजून पाठविले, ती माहेरी मनिऑर्डर धाडू लागली, तेव्हा शेजारच्या घरातील विधवेच्या शिक्षणाचा विरोध आपोआप मऊ पडला.

१९०७ मध्ये कर्व्यांनी कुमारिकांसाठी महिला विद्यालय काढले. येथे अडचण निराळी होती. विधवेच्या बाबतीत घरातले काम आड येई, कुमारिकेच्या बाबतीत लग्न. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने बाराव्या वर्षाची मर्यादा घातली, तेव्हाही केवढा गहजब झाला होता. विवाहास चौदा वर्षांची मर्यादा घालणारा शारदा कायदा यायला १९२९ उजाडले. ज्या समाजात दहाव्या-बाराव्या वर्षी मुलगी सासरी जाते, तेथे अठराव्या वर्षी महाविद्यालयात जाणार कोण? मुंबई विद्यापीठाने १८८३ मध्ये स्त्रियांना परीक्षांची दारे उघडली होती. तेथून पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्रिया कॉर्नेलिया सोराबजींसारख्या पारशी-ख्रिस्ती घरांतील होत्या, त्यानंतर प्रार्थना समाजासारख्या सुधारकी वर्तुळातील. सामान्य हिंदू, जैन वा मुसलमान घरातील मुलीसाठी दार उघडे असून नसल्यासारखे होते. १९०८ मध्ये त्यांनी निष्काम कर्ममठ स्थापून अल्प वेतनावर आजन्म सेवा करणाऱ्या कार्यकर्त्यांची फळी उभी केली. फी कमी ठेवायची तर शिकविणाऱ्यांचा खर्चही कमी हवा, हा त्यामागील व्यवहार. याच परंपरेत पुढे हिंगण्याच्या संस्थेचा भाऊबीज निधी आला. भावाने बहिणीस ओवाळणी घालावी तशी लहान रक्कम घरोघर मागायची, आणि ती देताना कोणासही ओशाळे वाटू नये!

१९१४ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाल्यावर बहुतेक माणसे विश्रांती घेतात. कर्व्यांचे सर्वांत मोठे कार्य तेव्हा सुरू व्हायचे होते. १९१५ मध्ये काशीच्या शिवप्रसाद गुप्त यांनी पाठविलेली एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली. टोकियोत १९०१ पासून चालू असलेल्या जपानी महिला विद्यापीठाची तीत माहिती होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद कर्व्यांकडे आले आणि त्या व्यासपीठावरून त्यांनी स्वतंत्र महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. जून १९१६ मध्ये विद्यापीठाचे काम सुरू झाले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती व रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कुलगुरू झाले. नियमित वर्गणी देणाऱ्या सभासदांनी विद्यापीठाच्या सिनेटचे सभासद निवडावेत, अशी व्यवस्था होती. म्हणजे एका अर्थी भागधारकांची संस्थाच. हिंगण्याच्या पहिल्या महाविद्यालयीन वर्गात अवघ्या चार-पाच विद्यार्थिनी होत्या.

या विद्यापीठाची रचना पाहिली म्हणजे घरोघरीच्या अडचणींची यादी कर्व्यांनी किती बारकाईने केली होती, हे ध्यानात येते. शिक्षण मातृभाषेतून, मराठी किंवा गुजरातीतून. इंग्रजी हा एक आवश्यक विषय. त्या काळी इंग्रजी माध्यमाच्या उंबरठ्यावर मुलांचीही दमछाक होई, मग उशिरा शाळेत गेलेल्या मुलींची कथा काय. गुजराती माध्यमामुळे अहमदाबादसारख्या ठिकाणची महाविद्यालये या विद्यापीठाशी जोडली गेली. झाईसारख्या दोन भाषांच्या सीमेवरील गावास या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको. आरोग्य, गृहव्यवस्था यांसारखे विषय अभ्यासक्रमात घेतले, जेणेकरून शिकलेली मुलगी संसाराला निरुपयोगी होते ही तक्रार उरू नये. ज्यांना घर सोडणे शक्य नाही त्यांना घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याची मुभा दिली. पदवीला गृहीतागमा असे भारदस्त संस्कृत नाव होते.

टीका झाली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. मुलींसाठी वेगळा, सोपा अभ्यासक्रम म्हणजे त्यांना कायम दुय्यम ठेवणे, असे विद्वानांचे म्हणणे होते. कर्व्यांची भूमिका अशी की, ज्या मुली मुंबई विद्यापीठात जाऊ शकतात त्यांनी अवश्य तेथे जावे; हे विद्यापीठ ज्यांना तेथे जाता येणार नाही त्यांच्यासाठी आहे. खरी अडचण दुसरीकडे होती. या पदवीला सरकारी मान्यता नव्हती. मान्यता नसलेल्या पदवीस नोकरीच्या बाजारात पूर्ण भाव मिळत नाही, आणि नोकरीचा भरवसा नसेल तर चार वर्षांचा खर्च कशासाठी, असे पालक विचारणारच. विद्यापीठाचे सारे खर्च वर्गणी-देणग्यांवर, म्हणून फी फारशी वाढविता येत नाही, आणि मान्यता नाही म्हणून संख्या वाढत नाही, असे हे कोंडीचे वर्तुळ होते.

ती कोंडी १९२० मध्ये फुटली, निदान पैशाच्या बाजूने. सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी हे मुंबईच्या कापड गिरणी व्यवसायातील अग्रगण्य नाव. सहकारी चळवळीच्या मध्यवर्ती बँकेच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. पत्नी लेडी प्रेमलीला यांच्यासह जगप्रवास करताना त्यांनी जपानचे महिला विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले होते. कर्व्यांनी पुस्तिकेतून जे वाचले, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. परतल्यावर त्यांनी आपल्या मातोश्री नाथीबाई यांच्या नावाने पंधरा लाख रुपयांचे दान जाहीर केले. ही रक्कम उधळण्यासाठी नव्हती. साडेतीन टक्के व्याजाचे सरकारी रोखे, मुद्दल अबाधित, आणि दरसाल ५२,५०० रुपये व्याज विद्यापीठास, अशी ही योजना होती. विद्यापीठास मातोश्रींचे नाव द्यावे व मुख्यालय पुढे मुंबईस न्यावे, या अटी होत्या. व्यापारी दान कसे करतो, याचा हा नमुना आहे. पुण्याईचा विचार त्यात असेलच, पण संस्था दरवर्षी हात न पसरता पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक मांडू शकेल, ही तजवीज त्यात अधिक आहे. कर्व्यांना अटी जाचल्या नाहीत असे नाही. हिंगण्याचे रोप मुंबईस हलविण्याची कल्पना पुण्यातील सहकाऱ्यांना रुचणारी नव्हती. तरीही त्यांनी ते मान्य केले. १९२१ च्या पदवीदान समारंभात पाच स्त्रिया पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षी विठ्ठलदास पन्नाशीही न गाठता निवर्तले. मुख्यालय १९३६ मध्ये मुंबईस गेले.

एवढे दान मिळाल्यावरही कर्व्यांची भ्रमंती थांबली नाही. १९२९ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, ते युरोप, अमेरिका व जपानच्या प्रवासास निघाले. टोकियोचे ते विद्यापीठ त्यांनी अखेर पाहिले. त्यानंतर बायांना घेऊन आफ्रिकेत केनिया, युगांडा, झांझिबारपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत हिंडले. तेथील गुजराती-कच्छी व्यापाऱ्यांनी, ज्यांपैकी कित्येकांच्या स्वतःच्या मुली तेव्हा प्राथमिक शाळेपलीकडे गेल्या नसतील, या वृद्ध मराठी गुरुजींच्या झोळीत सढळ हाताने दान टाकले. त्यांच्या घरातही काळ पालटत होता. धाकट्या पिढीतील सून इरावतीबाईंनी बर्लिनहून मानववंशशास्त्राची डॉक्टरेट मिळविली आणि १९३१ पासून काही वर्षे याच महिला विद्यापीठाचे निबंधकपद सांभाळले.

आपल्या परिसरातही या प्रश्नाची दोन उदाहरणे डोळ्यांसमोर घडली. १९४५ मध्ये बोर्डीस बालशिक्षणाचे काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक या १९१४ च्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. प्रार्थना समाजाच्या संस्कारांतील आईवडिलांमुळे त्यांच्या शिक्षणाला घरातून विरोध झाला नाही. त्यांच्यासोबत आलेल्या अनुताई वाघ तेराव्या वर्षीच विधवा झालेल्या. शिक्षिकेची नोकरी करीत, एकेक परीक्षा देत त्यांना पुढे जावे लागले. बुद्धीत आणि सेवेत दोघी तोडीस तोड. बोर्डी-कोसबाडच्या अंगणवाड्यांतून ते सिद्ध झाले. अंतर होते ते घराने दिलेल्या सुरुवातीचे. कर्व्यांचा सारा खटाटोप दुसऱ्या प्रकारच्या मुलींसाठी होता.

विद्यापीठास कायद्याने मान्यता मिळाली ती १९५१ मध्ये, स्थापनेनंतर तब्बल पस्तीस वर्षांनी. लेडी प्रेमलीला ठाकरसी त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. मान्यतेमुळे या पदवीस इतर पदव्यांच्या बरोबरीचा भाव आला आणि पालकांच्या हिशेबातील एक मोठी खर्चाची बाजू जमेकडे वळली. आज अडचणींचे स्वरूप बदलले आहे, त्या सरल्या नाहीत. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील, ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. परंतु तलासरीच्या गावातून निघणाऱ्या मुलीचे रिक्षाभाडे, वसतिगृहाचे पैसे आणि संध्याकाळी उशिरा परतण्याची घरच्यांची धास्ती, यांची माफी कोणत्याही शासननिर्णयात नसते. हिंगण्याची झोपडी ही मुळात याच गोष्टींवरचे उत्तर होती. शाळेआधी राहण्याची सोय, आणि सोयीआधी विश्वास.

१९३६ पासून कर्व्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढून पुन्हा वर्गणीची पेटी हाती घेतली, तीही वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. बायांचे निधन १९५० मध्ये झाले. भारत सरकारने १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये भारतरत्न देऊन त्यांचा गौरव केला. त्यांच्या शताब्दीचा सोहळा मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर पंतप्रधान पंडित नेहरूंच्या उपस्थितीत झाला व त्यांच्या छायाचित्राचे टपाल तिकीटही निघाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. हिंगण्याच्या त्या माळाचे नाव आता कर्वेनगर आहे आणि पाचशे रुपयांची ती झोपडी संस्थेने आपल्या आवारात जपून ठेवली आहे.